मेतकूट माझं नव्हतं

अहो,

काल तुमचं तेरावं झालं. या तेरा दिवसांत आपल्या घरी मेतकुटाच्या सात बरण्या आणि दोन पुड्या आल्या. सुतकात आपल्याकडे चूल बंद, म्हणून आपल्या पासिर रिसच्याच नव्हे, तर सिंगापूरच्या पार पश्चिमेच्या टोकाच्या मराठी घरांतूनही बायका एमआरटीने डबे घेऊन आल्या. जो डबा उघडावा त्यात मऊ भात, वर तुपाची धार आणि कडेला मेतकूट. चौथ्या दिवशी शेजारच्या कारखानीसबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दोन घास खाऊन घ्या, वहिनी. तुम्हाला दुसरं काही घशाखाली उतरत नाही, माहितेय आम्हाला." मी दात आवळून तो भात गिळला.

मला मेतकूट आवडत नाही. लहानपणापासून नाही. त्याचा वास आला की मला टायफॉइड आठवतो. मेतकूट लागायचं ते तुम्हाला. जहाजावर जाताना तुमच्या बॅगेत युनिफॉर्मच्या आधी मेतकुटाची बरणी जायची, तीसुद्धा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. पण सिंगापुरातल्या यच्चयावत मराठी माणसांना हे उलटं ठाऊक आहे, कारण तुम्ही तसं छापून ठेवलंत.

म्हणून आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. मृत माणसाविषयी चांगलंच बोलावं असं म्हणतात, ते मला ठाऊक आहे. चांगलंही येईल, पण आपल्या जागी येईल. आधी भांडण.

नवव्या दिवशी पाटणकर आले होते. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या अंकाचे संपादक. युनिव्हर्सिटीत कसलंसं संशोधन करतात, स्वभावाने गरीब, आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागतो. म्हणाले, "वहिनी, चीफसाहेबांचा तो चार वर्षांपूर्वीचा कॅरिबियनचा लेख यंदा पुन्हा छापायचं ठरलंय. लोकांना पाठ आहे तो. सोबत तुम्ही चार ओळी द्या. आठवणीच्या."

चार ओळी! बत्तीस वर्षांच्या संसाराला चार ओळी, आणि त्यासुद्धा त्या लेखाच्या शेपटाला.

ते गेल्यावर मी मुग्धाला म्हटलं, मी नाही देणार. आपली लेक तुमच्यावर गेली आहे, तिला सगळं सोपं वाटतं. "आई, जस्ट राइट समथिंग नाइस लाह. बाबा गॉन ऑलरेडी. मेतकूट कुणी आणलं, हू केअर्स?"

"आय केअर," मी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, म्हणजे तिला नीट कळेल.

कारण ते मेतकुटापुरतं नाही. तो लेख दुसऱ्यांदा छापून आला आणि त्याच्याखाली माझ्या चार गोड ओळी आल्या, की त्यावर माझीच सही झाली. मग मी मरेपर्यंत तीच बाई. जिला नवरा कॅरिबियनला घेऊन गेला आणि जिने तिथे बसून मेतकूट-भात खाल्ला.

तुमच्या लेखात काय होतं, ते मलाही पाठ आहे. 'सौ.'च्या घड्याळाच्या घोळामुळे आम्ही बसस्टॉपवर तासभर ताटकळलो. 'सौ.'ने चारी दिवस तिथल्या अन्नाला हात लावला नाही, पिशवीतून मेतकूट काढलं. 'सौ.' समुद्रकिनारी बसून घराच्या आठवणीने हुंदके देऊन रडली आणि मी तिची समजूत काढली. आणि या रडक्या 'सौ.'ला सांभाळता सांभाळता तुम्ही मात्र तिथल्या एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसून नारळाच्या दुधातला भात कसा करतात ते शिकलात, तिच्या आजोबांची गोष्ट ऐकलीत, कोकोच्या शेंगा फोडल्यात. वा! लेख सुंदर होता यात शंका नाही. सुंदर का नसावा, त्यातली निम्मी वाक्यं माझी होती.

आता खरं काय झालं ते सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे इतरही वाचणार आहेत.

तुमचं केळी वाहून नेणारं जहाज कॅरिबियन समुद्रावरच्या कोस्टारिकाच्या लिमोन बंदराला लागलं. मी तीन महिने तुमच्याबरोबर जहाजावर होते, कंपनी चीफ इंजिनियरच्या बायकोला तेवढं नेऊ देत असे. मुग्धा तेव्हा कारखानीसांकडे राहत होती. लिमोनला तुमच्या जागी दुसरा चीफ आला, तुम्ही कागदांवर सह्या करून उतरलात, आणि परतीचं विमान होतं चार दिवसांनी. तुमचा बेत होता, एजंटने दिलेल्या हॉटेलात पडदे ओढून, एसी लावून चार दिवस झोपायचं. तीस वर्षं जगभर फिरलेला माणूस! पण त्या तीन महिन्यांत मला कळून चुकलं होतं की तुम्ही जग पाहिलंच नव्हतं. प्रत्येक बंदरात तुम्ही पाहिला होता गेटपर्यंतचा रस्ता, टेलिफोनचा बूथ आणि साबण-ब्लेडचं दुकान. अँटवर्प कसं आहे विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "फोन स्वस्त आहे."

हॉटेलात खोली झाडायला येणाऱ्या बाईने मला सांगितलं की किनाऱ्याने खाली गेलं की काहुइता म्हणून गाव आहे, तिथली माणसं इंग्रजी बोलतात, तिथला समुद्र बघा, तिथे जेवा. मी तुमच्या मागे लागले. तुम्ही कुरकुरत तयार झालात. मला 'घेऊन गेलात' म्हणे!

बस सकाळी आठची होती. आता घड्याळाचं. जहाज त्याआधी कोलंबियाच्या बंदरात होतं, तिथली वेळ तासाने पुढे. लिमोनला दोनच दिवस थांबायचं म्हणून कॅप्टनने जहाजाची घड्याळं मागे केलीच नव्हती, आणि तुम्ही आयुष्यभर जहाजाच्या वेळेवर जगलात. हॉटेलच्या भिंतीवर चांगलं ठळक घड्याळ होतं. ते तुमच्यापेक्षा तासभर मागे दिसलं, तर तुम्ही काउंटरवरच्या माणसाला म्हणालात, "तुमचं घड्याळ बंद पडत आलंय, उघडून देऊ का?" तो बिचारा नुसता हसला. माझ्याजवळ तर घड्याळच नव्हतं. माझ्या मनगटावर होत्या त्या बांगड्या.

स्टॉपवर आपण जाऊन उभे राहिलो. तुमच्या घड्याळात आठ वाजले, सव्वाआठ झाले, आणि तुम्ही जाहीर केलंत, "बस रद्द झाली. या देशात काही खरं नाही. चल हॉटेलवर." बॅग उचलून निघालातसुद्धा. मी बाकावर बसलेल्या म्हातारीला विचारलं. तिच्या पायाशी दोन टोपल्या होत्या, डोक्याला रुमाल होता. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगं, आत्ता कुठे सव्वासात झालेत." तुम्ही तिला तुमचं घड्याळ दाखवलंत. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. कुठे चालतं हे?"

तिचं नाव मिस एडना. तुम्ही तासभर चूक केली नसती तर ती मला भेटली नसती. तेवढ्यापुरते तुमचे आभार मानते, आणि ते अगदी मनापासून.

काहुइताला तिची चार टेबलांची खानावळ होती. वर पत्रा, मागे नारळ, बाजूला कोकोची झाडं. मागच्या बाजूला भाड्याची एक खोली होती, ती तिने आपल्याला दिली. नाव काय म्हणून तिने मला विचारलं, तर तुम्ही उत्तर दिलंत, "मिसेस प्रधान." ती म्हणाली, "मी तिला विचारलं." मी म्हटलं, सुलभा. जहाजावर तीन महिने मी चीफची बायको होते, मेसमधल्या पोऱ्यापासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांना. त्या दिवशी कुणीतरी माझं नाव विचारलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी लगेच तिच्या हातातली नारळाची वाटी घेऊन खवायला बसले.

पहिल्या दुपारी तिने पान वाढलं. नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्याचा भात, तळलेली पिकलेली मोठी केळी, कोंबडीचा रस्सा. भातात अख्खी मिरची होती, फोडायची नाही, नुसता तिचा वास लागू द्यायचा. ओव्यासारख्या वासाच्या कसल्याशा पाल्याच्या काड्याही होत्या. मी अधाशासारखी जेवले. आणि तुम्ही? तुम्ही तिला म्हणालात, "प्लेन राइस मिळेल?" तिने दिला. मग तुम्ही बॅगेची चेन उघडलीत, एक प्लास्टिकची पिशवी सोडलीत, तिच्या आतली दुसरी सोडलीत, आणि भर खानावळीत मेतकूट काढलंत. बाजूच्या टेबलावरचे दोन कोळी जेवायचे थांबले. मिस एडनाने मला हळूच विचारलं, "औषध आहे का गं?"

मी खोटं सांगितलं. म्हटलं, हो, पोटाचं. तुमची लाज राखली. तुम्ही मात्र सहा महिन्यांनी लेखात ती बरणी माझ्या हातात दिलीत.

दोन दिवस मी तिच्या स्वयंपाकघरात होते. आमचं चांगलं वाजलंसुद्धा. आपल्या कोकणात नारळाचं दाट दूध शेवटी घालायचं, उकळी येऊ द्यायची नाही, फुटलं तर सगळं वाया. ती तेच दूध आधी घालून रटारटा उकळायची, वर तेल सुटेपर्यंत. मी तिचा हात धरला, म्हटलं, फुटेल! ती म्हणाली, फुटू दे, त्याशिवाय मासे कशात घालणार? तिचे आजोबा जमैकाहून रेल्वे बांधायला आले होते, येताना बायकोला म्हणाले होते दोन वर्षांत परततो, आणि मेले काहुइतात. मागाहून आजी एकटी बोटीतून नवऱ्याला शोधत आली, म्हणून हा स्वयंपाक इथे आला. हे सगळं मी लिहून घेत होते. वही नव्हती, तर जहाजाच्या इंजिन लॉगचे, म्हणजे नोंदवहीचे, जुने कोरे कागद तुमच्या बॅगेतून घेतले होते. तापमान, दाब, आवर्तनं असे छापील रकाने, आणि त्यांत माझ्या हस्ताक्षरात मासे, सुरण, कच्ची केळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण किनाऱ्यावर गेलो. काळी वाळू, समुद्राला अगदी टेकलेले माड. मग दूरवर एक पांढरं जहाज किनाऱ्याला धरून खाली जाताना दिसलं. तुम्ही उठून उभे राहिलात. मी म्हटलं, कुठलं आहे? तुम्ही म्हणालात, "आपलं." ते केळी भरून पुढच्या बंदराला निघालं होतं. नवा चीफ ते नीट चालवत होता. धूर स्वच्छ होता, तुम्ही मला तेही दाखवलंत. आणि मग तुम्ही खाली बसलात आणि रडायला लागलात. साधं डोळे पुसणं नव्हे, खांदे हलत होते. "माझ्याशिवाय चाललंय बघ," एवढंच म्हणालात.

खरं सांगते, मी तुमच्या पाठीवर हात ठेवला, पण मनातून जळून गेले. तोवरच्या संसारात किती वेळा मी तुम्हाला निरोप द्यायला उभी राहिले? मुंबईला गोदीच्या गेटपाशी, मग इथे चांगी विमानतळावर. मुग्धा चार महिन्यांची असताना तुम्ही गेलात आणि आलात तेव्हा ती चालत होती. एकदाही तुमच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. टॅक्सीत बसताना तुम्ही विचारायचात, "पासपोर्ट घेतला ना मी?" आणि एका लोखंडाच्या बोटीसाठी लहान मुलासारखे रडलात, तेही माझ्या शेजारी बसून. मला त्या जहाजाचा इतका मत्सर वाटला की ते बुडावं असं क्षणभर मनात आलं. आत एकवीस माणसं होती, त्यांतल्या आचाऱ्याने मला रोज लिंबू-पाणी दिलं होतं, तरीसुद्धा.

ते रडणं तुम्ही लेखात मला दिलंत. अहो, मेतकूट मी माफ केलं असतं. घड्याळही केलं असतं. हे नाही करत.

आता चांगलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस एडनाचा फ्रीज बंद पडला, आत तिचे दोन दिवसांचे मासे होते. तुम्ही कुणी न सांगता शर्ट काढलात, बनियनवर फ्रीजच्या मागे जाऊन आडवे झालात. शेजारच्या कोळ्याकडून पक्कड आणि पाने आणवलेत. मी बॅटरी धरून बसले. तीन तास. मध्ये तुम्ही मला म्हणालात, "सुलू, जरा डावीकडे उजेड धर," आणि तुमचा आवाज लग्न झालं तेव्हाचा होता. फ्रीज घरघरला तेव्हा मिस एडनाने तुमच्या तेलकट गालाची पापी घेतली आणि तुम्ही लाजून लाल झालात. मग त्याच काळ्या हातांनी तुम्ही बसून तिचा तो तेल सुटलेला माशांचा रस्सा दोन वाडगे खाल्लात. संध्याकाळी तिघे म्हातारे बँजो आणि एका तारेचं खोकं घेऊन गायला आले. गावातल्याच माणसांची नावं घेऊन त्यांच्या भानगडी गाण्यात सांगत होते, आणि सगळ्यांत मोठ्याने तुम्ही हसत होतात. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडलात. लेखात फ्रीजचा उल्लेखसुद्धा नाही. तुमच्या हातून घडलेली एकुलती एक शहाणी गोष्ट तुम्ही गाळलीत आणि माझ्या गोष्टी पळवल्यात, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही.

परत आल्यावर मी तुम्हाला म्हटलं होतं, मी यावर मंडळाच्या अंकात लिहिणार आहे. तुम्ही म्हणालात, "लिही की. आण, शुद्धलेखन बघून देतो." मी ते लॉगचे कागद तुम्हाला दिले. मग गणपतीच्या दिवशी मी मंडळात पुऱ्या लाटत होते, हात पिठात, आणि बाहेर कुणीतरी नवा अंक उघडून मोठ्याने वाचायला लागलं. माझी वाक्यं माझ्या कानांवर पडली. 'तिच्याकडे दूध फुटल्याशिवाय स्वयंपाक सुरूच होत नाही.' मी चमकून वर पाहिलं, मला वाटलं माझाच लेख, तुम्ही मला न सांगता दिलात. मग 'सौ.'ने मेतकूट काढलं आणि सगळा हॉल हसला. कारखानीसबाई पुरी तळता तळता माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या. मीही हसले. पुरी लाटत राहिले.

तेव्हाच का नाही भांडलीस, असं मुग्धाने विचारलं. तिला दर्यावर्दीच्या बायकोचा नियम ठाऊक नाही. मला तो लग्नानंतर महिन्याभरात तुमच्या एका सीनियरच्या बायकोने शिकवला होता. नवरा निघायच्या आधी भांडायचं नाही, पत्रात भांडायचं नाही, आणि आल्यावर पहिले आठ दिवस भांडायचं नाही. इंजिन रूममध्ये ज्याचं चित्त घरी असतं त्याची बोटं जातात, असं ती म्हणाली होती. त्या गणपतीनंतर तीन दिवसांनी तुम्ही निघणार होतात. मी गप्प बसले. पुढच्या सुट्टीत मुग्धाची परीक्षा होती, त्याच्या पुढच्या सुट्टीत तुमच्या आई आजारी. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मधले जे थोडे दिवस उरायचे ते इतके बरे जायचे की मला ते नासवावेसे वाटायचे नाहीत. तुम्हाला हे पक्कं माहीत होतं. प्रत्येक सुट्टीत चार पाहुणे आले की तुम्ही माझ्यादेखत तो किस्सा रंगवून सांगायचात, आणि माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहायचात.

या वेळी मात्र मी कंबर कसली होती. हा तुमचा शेवटचा करार होता. आता जाणं नाही, तेव्हा नियम एकच उरला होता, आल्यानंतरच्या आठ दिवसांचा. मी मुद्दे काढून ठेवले होते. नववा दिवस रविवारी येत होता, मुग्धा तिच्या मैत्रिणीकडे जाणार होती, घर मोकळं. मी ठरवलं होतं की आधी बस आणि घड्याळ घ्यायचं, मग मेतकूट, आणि रडण्याचं सगळ्यांत शेवटी. तुम्ही म्हणाला असतात, "अगं, गंमत होती ती." त्यावर काय बोलायचं तेही तयार होतं.

सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही समुद्रावर फिरायला निघालात, बुटाची नाडी बांधायला वाकलात, ते वाकलातच. इतका पळपुटेपणा तुम्ही कधी केला नव्हता.

परवा मी लिटिल इंडियात जाऊन राजमा आणला. काल सकाळी इथल्या वेट मार्केटमधून, म्हणजे मंडईतून, ताज्या नारळाचं दूध पिळून आणलं. गुरुजींना विचारून घेतलं, म्हटलं कांदा-लसूण घालत नाही, मग चालेल ना? ते म्हणाले, गेलेल्याला आवडत असेल तर चालेल. मी म्हटलं, शेवटी शेवटी आवडायला लागलं होतं. तेराव्याच्या जेवणात वरण-भाताच्या जागी मी मिस एडनाचा भात केला. पाल्याऐवजी ओवा, आणि अख्खी मिरची, न फोडता. पंचवीस-तीस माणसं, पार बाहेरच्या कॉरिडॉरपर्यंत पानं. सगळे बोटं चाटून जेवले.

कारखानीसबाईंनी दुसऱ्यांदा भात घेतला. "काय हो वहिनी, हा चीफसाहेबांचा तोच भात ना? ते शिकून आलेले? तुम्हाला कधी शिकवला त्यांनी?"

तुमच्या फोटोला हार होता, उदबत्ती होती, गुरुजी दक्षिणा घेऊन चपला घालत होते. मी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "त्यांना पाणी उकळायचं तरी येत होतं का? मी शिकले तो. मेतकूट त्यांनी खाल्लं."

एक कुणीतरी हसायला लागलं, बाकीच्यांना वाटलं मी दुःखाने भ्रमिष्ट झाले. कारखानीसबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "असू दे, असू दे. मोकळ्या व्हा. रडून घ्या एकदा." तेरा दिवस सगळे मला हेच सांगताहेत. मला रडू आलेलं नाही. माझ्या नावावर आधीच एक रडणं छापून ठेवलेलं आहे, ते उतरल्याशिवाय माझं कुठून येणार?

पाटणकर काल सगळ्यांच्या मागे थांबले होते. आज दुपारी पुन्हा आले, आणि इथपर्यंतचं सगळं मी त्यांना वाचायला दिलं. तासभर खाली मान घालून वाचत होते. मग म्हणाले, "वहिनी, बसचं ठेवू या, मेतकुटाचं ठेवू या, लोकांना मजा वाटेल. पण तो किनाऱ्यावरचा भाग... साहेबांना आता बाजू मांडता यायची नाही."

मी म्हटलं, "चार वर्षं मला कुठे आली?"

"लोक त्यांना वेगळ्या रूपात ओळखतात."

"मीही त्यांना वेगळ्या रूपात ओळखते."

शेवटी त्यांनी विचारलं की दोन्ही लेख छापायचे का. मी म्हटलं, छापा, तुमच्या साहेबांचा आधी, अगदी जसाच्या तसा, एक स्वल्पविराम हलवू नका. आणि लगेच पुढच्या पानावर हा. खाली 'सौ.' नको, सुलभा प्रधान असं पूर्ण नाव घाला. ते हो म्हणाले. जिन्यापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, तो फ्रीजचा भाग फार छान आहे. मी म्हटलं, हो, तेव्हा ते छानच होते.

तर असं झालं आहे. तुमचं रडणं तुम्हाला परत पाठवते आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, अहो. तुम्ही नुसतं म्हणाला असतात की सुलू, मला माझं जहाज आठवतं, तर मी ते जन्मभर कुणाला सांगितलं नसतं. तुम्ही एवढंच केलं असतंत, तर मी वाटलं तर हजार वेळा मेतकूट खाल्लं असतं.

अंक छापून आला की पहिली प्रत मी तुमच्या फोटोसमोर ठेवणार आहे, या पानावर उघडून. पहिल्या शब्दापासून वाचायचं. उत्तर सुचलं तर मनात ठेवायचं. आणि माझं बोलणं सुरू झालं की तुम्ही नेहमी करायचात तसं, मध्येच उठून चहा मागायचा नाही.